गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड

गाय जुळं व्यायली की गोठ्यात आनंदीआनंद. पण मंडळी, त्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर जरा थांबा. अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी कधीच गाभण राहत नाहीत.

हे शास्त्रज्ञांच्या आधी गुरं राखणाऱ्यांना ठाऊक होतं. इंग्लंडातले शेतकरी अशा कालवडीला 'फ्रीमार्टिन' म्हणत. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी अशी जनावरं चिरून तपासली. आतले अवयव धड मादीचे नाहीत, धड नराचेही नाहीत, असं त्यांनी १७७९ मध्ये लिहून ठेवलं. कारण मात्र विसाव्या शतकात कळलं. व्हिएन्नात टांडलर-केलर आणि शिकागोत फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास ते मांडलं. पोटात दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीत उतरतात आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. दोन्ही कालवडी असतील तर हा धोका नाही.

१९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांना दिसलं, की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी कायमच्या नांदतात. शरीर परक्या पेशी सहन कसं करतं, या प्रश्नावर पुढे काम करणाऱ्या पीटर मेदावार यांना १९६० चं नोबेल मिळालं. म्हणजे आजच्या अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचं एक मूळ गोठ्यात आहे!

आजची चाचणीही यावरच उभी आहे. कालवडीच्या थोड्याशा रक्तात नराचं वाय गुणसूत्र आहे का, हे पीसीआरने पाहतात. वासरू लहान असतानाच निकाल कळतो.

आपल्याला याचं काय? परदेशात अशी कालवड मांसासाठी वाढवतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे ती वाट इथे नाही. आज माजावर येईल, उद्या येईल, म्हणत शेतकरी दोन-अडीच वर्षं चारा-पेंड घालतो. शेवटी कंटाळून बाजार दाखवतो, अन् तोटा दुसऱ्याच गरिबाच्या गळ्यात पडतो.

जे कोडं विज्ञानाने सोडवलं, त्याची किंमत शेतकऱ्याने अजून का मोजायची? ही तपासणी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून व्हायला हवी, नमुना पुढे पाठवून का होईना. तोवर कालवड विकत घेताना दात, रंग, आईचं दूध विचारता ना? मग एक प्रश्न आणखी विचारा : "जुळ्यातली आहे का?"