मोबाइल येतो, संगणक येतो का?

आजच्या शाळकरी मुलांना मोबाइल कोणी शिकवावा लागत नाही. त्यामुळे ‘आमच्या मुलाला संगणक येतोच’ असा अनेक पालकांचा समज असतो. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाने ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. त्यात आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरणाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणाऱ्यांचे ७६ टक्के आढळले. थोडक्यात, यंत्र हाताळता येणे आणि त्याच्याकडून काम करून घेता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा फरक दहावी-बारावीनंतर महागात पडू शकतो. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा आज संगणकावर होतात. प्रवेशाचे अर्जही ऑनलाइन भरावे लागतात. छायाचित्र ठरावीक आकारात बसवता न आल्याने अर्ज अडला, तर गुणवत्ता असूनही विद्यार्थ्याला धावाधाव करावी लागते.

महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचा पाया एमकेसीएलच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने २००२ पासून व्यापक केला. त्या काळातील शिकाऊ माणसाला माऊस धरण्यापासून सुरुवात करावी लागे. आजच्या मुलांची अडचण नेमकी उलट आहे. पडद्यावर बोट फिरवणे त्यांना येते, पण त्यामागची मांडणी त्यांना ठाऊक नसते.

काय शिकवावे?

फाईल आणि फोल्डर : मोबाइलमधील अ‍ॅप फाईल कुठे ठेवली हे सहसा दाखवत नाही. म्हणून फाईलला अर्थपूर्ण नाव देणे, ती योग्य फोल्डरमध्ये ठेवणे, तिची दुसरी प्रत जपणे हे आधी शिकवावे. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी, हे कळले की छायाचित्र लहान का करायचे तेही उमगते.

कळफलक : दोन्ही हातांनी, न पाहता टंकलेखन करण्याचा रोज पंधरा मिनिटांचा सराव पुरेसा आहे. चुकीची सवय लागल्यावर ती मोडणे कठीण जाते.

मराठी टंकलेखन : जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर आणि मात्रा प्रामुख्याने डाव्या, तर व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ही रचना ध्यानात आली की गती येते.

तक्ते : स्प्रेडशीटमध्ये घरखर्चाचा किंवा वर्गातील गुणांचा तक्ता करून बेरीज आणि सरासरी काढायला लावावी. सूत्र बदलल्यावर उत्तर आपोआप बदलते, हे पाहून मुलांची तर्कबुद्धी जागी होते.

सुरक्षा : प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा असावा, ओटीपी कोणालाही सांगू नये आणि ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे.

परीक्षा कशी घ्यावी?

संगणकाच्या भागांची नावे पाठ करून घेण्याने काही साधत नाही. विद्यार्थ्याला एक काम द्यावे : एका पानाचा मराठी अर्ज टंकित कर, त्याची पीडीएफ बनव, योग्य नावाने जतन कर आणि ई-मेलने पाठव. कोणाच्याही मदतीविना हे जमले, तर पहिली पायरी पार झाली असे मानावे. संगणकांची संख्या कमी असल्यास दोघांच्या जोड्या कराव्यात. मात्र दर तासाला कळफलक दोघांच्याही हाती आला पाहिजे. केवळ पाहून संगणक येत नाही.