डॉग्मॅटिक
डॉग्मॅटिक हे इंग्रजी भाषेतील विशेषण आहे. स्वतःचे मत निर्विवाद सत्य आहे असे मानून ते ठासून मांडणाऱ्या आणि पुरावा किंवा वेगळा विचार लक्षात घेण्यास तयार नसणाऱ्या व्यक्ती, भूमिका वा लेखनासाठी ते वापरले जाते. आधुनिक वापरात त्याला बहुधा निंदाव्यंजक छटा असते.

व्युत्पत्ती
'वाटणे, योग्य भासणे' या अर्थाच्या 'डोकेइन' या ग्रीक क्रियापदापासून 'डोग्मा' हे नाम बनले. त्याचा अर्थ 'मत' आणि 'अधिकृत निर्णय' असा दुहेरी होता. ख्रिस्ती धर्मशास्त्रात 'डॉग्मा' म्हणजे चर्चने अधिकृतपणे ठरवलेला सिद्धान्त. तेथे हा शब्द निंदादर्शक नाही.

तत्त्वज्ञानातील वापर
सत्य सापडल्याचा दावा करणाऱ्या ॲरिस्टॉटल, एपिक्युरस व स्टोइक यांच्या अनुयायांना संशयवादी ग्रीक लेखक सेक्स्टस एम्पिरिकस याने डॉग्मॅटिक म्हटले. डेव्हिड ह्यूमच्या विचारांनी आपली 'डॉग्मॅटिक झोप' मोडली, असे इमॅन्युएल कांट याने १७८३ मध्ये लिहिले. बुद्धीच्या क्षमतेची आधी चिकित्सा न करता तिच्या आधारे सिद्धान्त मांडत जाणे, हा कांटच्या मते डॉग्मॅटिझमचा दोष होय.

मानसशास्त्रातील वापर
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द ओपन अँड क्लोज्ड माइंड' या ग्रंथात या वृत्तीचा अभ्यास मांडला. व्यक्ती काय मानते यापेक्षा ती ते कसे मानते, याला त्यांनी महत्त्व दिले. त्यामुळे डावी वा उजवी, धार्मिक वा निरीश्वरवादी अशी कोणतीही विचारसरणी डॉग्मॅटिक रीतीने बाळगली जाऊ शकते.

अर्थच्छटा
ठाम मत असणे म्हणजे डॉग्मॅटिक असणे नव्हे. सबळ पुरावा समोर आल्यास मत बदलण्याची तयारी आहे की नाही, यावर हा भेद अवलंबून असतो. 'हाइडबाउंड' हा शब्द रूढी-नियमांना चिकटून राहणाऱ्यांसाठी, तर 'बिगटेड' हा इतर समूहांविषयी द्वेष बाळगणाऱ्यांसाठी वापरतात. 'ओपन-माइंडेड' हा विरुद्धार्थी शब्द आहे.

मराठी पर्याय
संदर्भानुसार मताग्रही, दुराग्रही, हटवादी किंवा पोथीनिष्ठ हे शब्द योजता येतात. ग्रंथप्रामाण्य सूचित करायचे असल्यास 'पोथीनिष्ठ' अधिक नेमका ठरतो. 'झापडबंद' हा शब्द, घोड्याच्या डोळ्यांवरील झापडांवरून आलेल्या 'ब्लिंकर्ड' या इंग्रजी शब्दाला अधिक जवळचा आहे.