निंबोणीचं झाड आणि चौथा मजला

मंडळी, मागच्या वेळी आपण जात्यावरच्या ओव्यांपाशी थांबलो होतो. आज त्याच घरात जायचंय, पण रात्री, पाळण्यापाशी.

‘निंबोणीच्या झाडामागे’ ही अंगाई कुणाची, असं विचारलं की बरेच जण ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतात. आम्हीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. प्रत्यक्षात ती १९७७ च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातली. शब्द मधुसूदन कालेलकरांचे, चाल एन. दत्तांची, गळा सुमन कल्याणपूर यांचा. एन. दत्ता म्हणजे ‘धूल का फूल’ला संगीत देणारेच.

मग चित्रपटगीत लोकगीत कसं झालं? एक तर चाल अशी, की दिवसभर दमलेल्या आईला, गळा नसलेल्या बापालाही गुणगुणता यावी. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. या गाण्यात गोठा आहे, घरटं आहे, परस आहे. आता आपल्या नवी मुंबईकडे बघा. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, वाशीचा खाडीपूल झाला १९७३ मध्ये. घाटावरून, कोकणातून माणसं इथे आली, बिऱ्हाडं चौथ्या मजल्यावर लागली. गोठा गावाकडे राहिला, पाळणा हलवणारी आजीही तिकडेच. तिच्या अंगाईची जागा या गाण्याने भरून काढली.

पण ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं, त्या पंचाण्णव गावांतल्या आगरी-कोळी बायका बाळाला झोपवताना काय म्हणत होत्या? जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून जमवल्या, एक लाखाच्या वर. आगरी लग्नातले धवळे निदान चारचौघांत, मांडवात गायले जातात. अंगाईचं तसं नाही. ती अंधारात, एकाच श्रोत्यासाठी, आणि तो श्रोता ऐकता ऐकता झोपून जातो! मागे साक्षीदार उरत नाही. सुमनताईंची अंगाई ध्वनिमुद्रित झाली म्हणून घरोघरी गेली. तिच्या गोडव्याखाली किती आवाज दबले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

करावे, दिवाळे, घणसोली, कुठल्याही गावठाणातलं कुणी इथे बसलं असेल, तर घरी गेल्यावर आजीला विचारा. लाजेल ती. नातवंड मांडीवर द्या, मग म्हणेल. फोन बाजूला चालू ठेवा.

आणि निंबोणी म्हणजे कडुनिंब की लिंबाचं झाड, हा वाद प्रश्नोत्तरांत घेऊ.