आखीव वस्ती आणि कष्टकऱ्याचा संसार

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने केली, तो मनुष्य आपल्याच गावात राहणारा असला पाहिजे. त्याचे गाव ठरलेले, गल्ली ठरलेली, शेजारी चार पिढ्यांचे. प्रश्न काय तो दगडामातीचा आणि पैशाचा. आज कंधारचा, मुखेडचा, औशाचा किंवा निलंग्याचा माणूस बायकोमुले घेऊन नांदेडास अथवा लातुरास येतो, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न निराळा असतो. घर कसे, हे तो मागाहून पाहतो. आधी विचारतो, 'राहावे कोठे?'

कामगार संघटनेच्या कचेरीत बसून हा प्रश्न आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. बोनस, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई यांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात सापडतात. याचे उत्तर तेथे सापडेना. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आखीव वस्त्यांचा जो इतिहास त्या बाकावर हाती लागला आणि जो डोळ्यांनी पाहिला, तो आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आमची एक चूक सांगतो, म्हणजे या विषयाचा ध्यास आम्हांला का लागला ते कळेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका हमालाने शहराबाहेर गुंठेवारीतला तुकडा घ्यावा काय, असे विचारले. भाव कमी होता. विकणाऱ्याजवळ सुरेख नकाशा होता. त्यात रस्ते आखलेले, एका कोपऱ्यात बाग, दुसऱ्यात शाळा. आम्ही म्हणालो, घे. कुटुंब तेथे गेले. बाग झाली नाही, नळ आला नाही, शाळा तर नाहीच. जवळची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे. दिवसरात्र मालमोटारी धावणारा तो रस्ता ओलांडून पोरीला एकटी पाठवण्याचा धीर आईला होईना. सातवीनंतर पोरीचे दप्तर खुंटीला लागले. पुढे एकदा ती भेटली तेव्हा सहज म्हणाली, 'काका, नकाशात शाळा होती ना हो?' त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून कोणतीही आखीव वस्ती पाहिली की आम्ही मनाशी एकच गोष्ट विचारतो: या नकाशाची पहिली रेघ कोणाच्या गरजेसाठी ओढली गेली? इतिहास याच प्रश्नाने वाचला, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आपल्या लातूरची गंजगोलाई घ्या. निजामी अमदानीत फय्याजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्ये गोल इमारत, तीत अंबाबाईचे देऊळ, आणि चोहो बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्यापासून गुळापर्यंत एकेका जिनसेला एकेक बाजार. आखणी म्हणून ती आजही पाहात राहावी अशी आहे. परंतु तिची पहिली रेघ ओढली गेली ती मालासाठी. गाडी कोठून यावी, धान्य कोठे उतरावे, याचा विचार त्यात चोख झाला. तो माल पाठीवर वाहणाऱ्या हमालाने रात्री कोठे निजावे, याचा विचार बाजाराच्या नकाशात नसतो. तो त्याचा त्याने करावयाचा.

नांदेडात निजामाच्याच काळात उस्मानशाही गिरणी उभी राहिली. गिरणीच्या भोंग्याने शहराचा दिवस उगवू लागला, आणि भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरात कामगारांनी आपापली बिऱ्हाडे थाटली. येथे पहिली रेघ यंत्राची होती. गिरणी पुढे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. भोंगा थांबला, माणसे मात्र तेथेच राहिली. जी वस्ती एकाच कामाच्या आधारावर उभी असते, तिचा आधार गेला म्हणजे संसाराची काय दशा होते, ते नांदेडच्या जुन्या कामगाराला कोणी शिकवावयास नको.

हे केवळ मराठवाड्याचे दुर्दैव आहे असे समजू नये. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ साली सरकारने शहर सुधारण्यासाठी इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. पुढे १९२० नंतर विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. एकेक खोली १६० चौरस फुटांची. चाळी पक्क्या, कामगारांसाठीच बांधलेल्या. तरी वरळीच्या पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या. भाडे जड आणि गिरणी दूर, मग कामगार जाईल कशाला? १९३० च्या सत्याग्रहात सरकारने तेथेच तात्पुरता तुरुंग केला. कामगारासाठी बांधलेले घर कामगाराला न विचारता बांधले, तर त्याचा तुरुंग होण्यास वेळ लागत नाही, असे कोणी थट्टेने म्हटले तर आम्ही रागावणार नाही.

त्याच सुमारास विलायतेत व अमेरिकेत दोन माणसांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला होता. पहिला एबेनेझर हॉवर्ड. हा इंजिनिअर नव्हता. पार्लमेंटातील भाषणे लघुलिपीत टिपून घेणारा साधा नोकरदार. त्याने १८९८ साली पुस्तक लिहून उद्याननगरीची कल्पना मांडली आणि १९०३ साली लेचवर्थ येथे ती प्रत्यक्ष उभी राहू लागली. काम, घर आणि मोकळी हवा एका ठिकाणी असावी, आणि जमिनीचा वाढता भाव रहिवाशांच्याच उपयोगी पडावा, हे त्याचे सूत्र. दुसरा क्लॅरेन्स पेरी. त्याने १९२९ साली सांगितले की वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा ठेवा, त्या एका शाळेला पुरतील इतकीच, म्हणजे पाचसहा हजार माणसे तेथे वसवा, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने न्या. मुलाला अर्ध्या मैलाच्या आत, मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचता आले पाहिजे. पेरीचे हे म्हणणे वाचले त्या दिवशी आम्हांला त्या हमालाच्या पोरीची आठवण झाली. पहिली रेघ लेकराच्या पावलाने मोजून ओढावी, इतकी साधी ती गोष्ट.

हा विचार आपल्याकडे सरकारी मार्गाने आला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली ती नव्या मुंबईसाठी. पुढे औरंगाबाद, नाशिक आणि आपले नांदेड येथेही तिच्याकडे नव्या वस्त्यांचे काम आले. नांदेडात गोदावरीच्या दक्षिणेस वाघाळ्याच्या बाजूला नवे नांदेड आखले गेले. १९९७ साली महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या नावातच वाघाळा आले. त्या बाजूला बिऱ्हाड केलेल्या आमच्या लोकांनी आरंभीच्या दिवसांविषयी जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. नाव नांदेडचे, पण दवाखाना, बाजार, सोयरेधायरे सारे नदीपलीकडे. संध्याकाळनंतर वाहन मिळण्याची पंचाईत. मात्र रस्ते रुंद होते, भूखंडाची हद्द ठरलेली होती, कागद चोख होता. म्हणून पोटाला चिमटा घेऊन माणसे टिकली. एक खोलीची दोन झाली, ओसरीला दुकान निघाले, शाळा भरू लागल्या. आखणीत रस्त्याला आणि शाळेला जागा राखलेली असली, तर उशिरा का होईना, संसार त्या जागेत भरतो. गुंठेवारीत ती जागाच राखलेली नसते, मग भरणार कशात? सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. त्याने कागद सरळ होऊ शकतो. विकून टाकलेली शाळेची जागा परत येत नाही.

आता जो प्रसंग सांगावयाचा, तो सांगताना आजही आवाज जड होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे निजली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमची तेव्हा विशी नुकतीच उलटली होती. हातात फावडे घेऊन जी तरुण पोरे तिकडे धावली, त्यांत आम्हीही होतो. दगडांच्या जाड भिंती चिखलात रचलेल्या, वर मातीचे जड माळवद. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात गारवा दिला, त्यांनीच जीव घेतला.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आपल्या भागात एकाच वेळी इतक्या आखीव वस्त्या त्यापूर्वी कधी झाल्या नव्हत्या. देशभरातून आणि परदेशातून मदत आली. जागतिक बँकेने कर्ज दिले. संस्थांनी गावे दत्तक घेतली. ते उपकार आम्ही विसरत नाही. परंतु पहिली रेघ कशाच्या आधारे ओढली गेली, ते पाहा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५०, त्याहून अधिक असलेल्यास ७५०. म्हणजे घराचे माप निघाले ते सातबाराच्या उताऱ्यावरून. घरात माणसे किती, सुना किती, म्हातारी किती, हा हिशेब मागे पडला. अनेक ठिकाणी एका मापाची घरे एका बाजूस आली. त्यामुळे जुने शेजारी पांगले, आणि ज्याला पूर्वी गावकुसाबाहेर राहावे लागत असे, तो लहान घरांच्या ओळीत पुन्हा निराळाच दिसू लागला. रस्ते शहरासारखे सरळ व रुंद, गावे पूर्वीपेक्षा कितीतरी पसरलेली. बैल कोठे बांधावा, कडबा कोठे रचावा, जात्याजवळ चार बायांनी कोठे बसावे, याला नकाशात जागा नव्हती. मग लोकांनीच पत्रे ठोकले, भिंती घातल्या, अंगणे काढली, आणि सरकारी नकाशावर आपला नकाशा चढवला.

त्याच वेळी शेजारच्या गावांत दुसरा एक प्रयोग चालला होता, त्याची वाहवा फार थोड्यांनी केली. ज्या गावांचे नुकसान कमी होते, तेथे घरे मालकानेच दुरुस्त करावी आणि सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे व सल्ला द्यावा, असे ठरले. लाखाहून अधिक कुटुंबांनी अशा रीतीने आपली घरे मजबूत केली. गावोगाव संवाद सहायक म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या. सिमेंट किती, पट्टी कोठे घालावी, पैसे किती आले, हे त्या घरोघर समजावून सांगत. ज्या बाईने कधी सरकारी कागद हातात धरला नव्हता, ती अभियंत्याला हटकू लागली. गाव हलले नाही, शेजार तुटला नाही, आणि घर कसे उभे राहते ते ज्ञान गावातच उरले.

असेच एक उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूरचे आहे, आणि ते कामगार चळवळीचे असल्यामुळे आम्ही जरा अभिमानाने सांगतो. तेथील विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या पुढारपणाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली. विडी घरीच वळली जाते. म्हणून त्या बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो, आणि उजेड, वारा व बसावयास जागा हा तिच्या मजुरीचाच प्रश्न होतो. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रेनगर आखले गेले, आणि त्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. अशा वस्तीतही अडचणी असतात. शहर दूर असले म्हणजे बससाठी आणि दवाखान्यासाठी पुन्हा भांडावे लागते. पण पहिली रेघ मागणाऱ्याच्या हाताची असली, की पुढचे भांडणही त्याला करता येते.

शेवटची गोष्ट पाण्याची. २०१६ साली लातूरला मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली घेऊन राहिलेल्या कितीतरी आया त्या उन्हाळ्यात अभ्यासाऐवजी घागरीच्या रांगेची वेळ सांभाळत होत्या. उत्तम शिकवण्या, उत्तम रस्ते, आणि नळ कोरडा! आमच्या आजीने हे एका वाक्यात सांगितले असते: आधी पाणी बघ, मग दार बघ.

तेव्हा श्रोतेहो, आमच्या कचेरीत आता कोणी 'राहावे कोठे' असे विचारले, तर आम्ही त्याला नकाशावरून मत देत नाही. त्याला सांगतो, नकाशा घडी करून खिशात ठेव आणि बायकोला बरोबर घेऊन त्या वस्तीत एक दिवस काढ. सकाळी शाळेच्या वेळी जा आणि आपल्या लेकराच्या पावलाने शाळेपर्यंत चालून पाहा. मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो, ते विकणाऱ्याला विचारू नकोस. नळावरच्या बाईला विचार. कामावर जाण्यायेण्याचे भाडे महिन्याच्या मजुरीतून वजा करून पाहा, मग घर खरेच स्वस्त आहे काय ते कळेल. शाळेची व मैदानाची जागा नुसती रंगवली आहे की मंजूर आराखड्यात राखलेली आहे, ते पालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन पाहा. खरेदीखतावर कारभारणीचेही नाव घाल. आणि संध्याकाळी तेथल्या ओट्यांवर म्हातारी माणसे बसलेली दिसतात काय, तेवढे पाहून ये. जेथे म्हातारे बसतात तेथे मुलेही खेळतात.

हे सारे पाहूनही मनासारखी वस्ती मिळेलच असे नाही. आपल्यासारख्यांना निवड थोडीच असते. चार वाईटांतले एक बरे घ्यावे लागते. पण एकट्याला निवडता येत नाही ते दहा जणांना मागता येते. शाळेची जागा राखून ठेवा, हा अर्ज एकट्याचा गेला तर फायलीत पडतो. गल्लीचा गेला तर साहेबाला उठून बाहेर यावे लागते. गिरणीच्या दारात आम्ही जे शिकलो, ते घराच्या दारातही खरे ठरले.

ती हमालाची पोर आता स्वतः आई झाली आहे. गेल्या वर्षी घर बदलताना ती आमच्याकडे आली होती, पण सल्ला विचारावयास नव्हे. 'शाळेपर्यंत चालून आले, काका,' एवढेच तिने सांगितले. आम्ही तिला चहा दिला.