अक्षरांचें गणित

जें झिजत नाहीं तें अक्षर, अशी आपल्या पूर्वजांची व्याख्या. यंत्राच्या पोटांत मात्र अक्षर जातच नाहीं. तेथें जातो तो अंक. मग कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावयाचा, हा प्रश्न तारायंत्राच्या काळापासून चालत आला आहे. फ्रान्सच्या एमील बोदो यांनीं १८७४ सालीं पांच खुणांच्या जुळणीनें ३२ संकेत बसविले. १९६३ सालीं अमेरिकेंत 'आस्की' हा सात बिटांचा संकेत ठरला. त्यांत जागा १२८. रोमन लिपीचा संसार तेथें सुखानें मांडला गेला आणि देवनागरी उंबरठ्याबाहेर राहिली.

पुढें आमच्या छापखान्यांत संगणक आले, तेव्हां ज्यानें त्यानें आपली वाट काढली. रोमन अक्षरांच्याच अंकांवर कोणी 'क' बसविला, कोणी 'म'. त्यामुळें एका ठिकाणीं जुळविलेला मराठी मजकूर दुसऱ्या ठिकाणीं निरर्थक रोमन अक्षरें होऊन उमटे. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं 'इस्की' प्रमाण केला. त्याच वर्षीं निघालेल्या 'युनिकोड'नें प्रत्येक चिन्हास स्वतंत्र अंक दिला. आपल्या 'ळ'चा अंक २३५५.

एवढा अंक एका बाइटांत मावत नाहीं. १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सीच्या एका खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, 'यूटीएफ-८'ची रचना आंखली. रोमन अक्षरास एक बाइट, आपल्यास तीन. हा भेद कित्येकांस खुपतो. मला खुपत नाहीं, कारण आस्कीच्या जुन्या फायली त्यामुळेंच जशाच्या तशा वाचतां येतात.

'पायथन' या भाषेनें २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत मजकूर आणि बाइट यांच्या जातीच निराळ्या केल्या. खरी कसोटी लागते ती याद्यांच्या वेळीं. 'नम्पाय'च्या अशा सारणींत प्रत्येक घराची रुंदी सारखी असते. 'सातारा' हीं सहा चिन्हें, म्हणजे १८ बाइट. १० बाइटांच्या घरांत तें नांव घातलें, तर यंत्र तक्रार न करतां कापतें. उरतें 'सात', आणि पुढच्या कान्याचा एक तृतीयांश. निवृत्तिवेतनाच्या यादींत एखाद्या वृद्धेच्या नांवाचें असें झालें, तर तिला शोधावयाचें कोठें?

म्हणून सर्व नांवें आधीं बाइटांत उतरवावीं, त्यांतील सर्वांत लांब असेल तें मोजावें, मगच घराची रुंदी ठरवावी. यादींत 'कोल्हापूर' असेल तर त्याचे २७ बाइट होतात. तेवढेंच घर साताऱ्यासही मिळतें, आणि त्याच्या उरलेल्या ९ जागा शून्यांनीं भरल्या जातात.