असोलामेंढ्याचें धरण आणि चांद्याचे तुकूम

तलावाचा इतिहास लिहितांना पाळ किती लांब व पाणी किती खोल एवढेंच टिपण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पाणी कोणीं अडविलें व त्यावर पिकणारी जमीन कोणाची, हा प्रश्न मागें राहतो. जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या चंद्रपुरांत व १९८२ सालीं त्यांतून निराळ्या केलेल्या गडचिरोलींत, त्याचें उत्तर गांवांच्या नांवांत शिल्लक आहे. येथील महसुली याद्यांत कित्येक नांवांस 'तुकूम' हा शब्द जोडलेला आढळतो. खुद्द चंद्रपूर शहराचा एक भाग त्याच नांवानें ओळखिला जातो. गोंड राजांच्या अमलांत जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन मिळे, तें तुकूम. ही व्यवस्था परंपरेनें हीरशहाची मानितात. राजावळींतील सालें भरंवशाचीं नाहींत, तेव्हां नांवावर भर देण्याचें कारण नाहीं. व्यवस्था मात्र खरी.

तिचें मर्म धानाच्या शेतींत आहे. या मुलुखांत पाऊस थोडा पडतो असें नव्हे. पण रोवणी झाल्यावर भाद्रपदाच्या सुमारास त्यानें पंधरा दिवस ओढ दिली कीं बांध्या भेगाळतात व लोंबी पोकळ राहते. त्या वेळीं बोडींतून मिळालेलें एक पाणी सबंध वर्ष तारतें. ज्याची जमीन पाळीखालीं, तो पाळ फुटूं देत नसे. दुरुस्तीसाठीं त्यास हुकूम लागत नसे. नागभीड-ब्रह्मपुरीकडील कोहळी या कामांत निष्णात. काशीयात्रेहून परततांना गोंड राजानें आपले पूर्वज आणिले अशी त्यांची कथा आहे. ती खरी असो वा नसो.

१७५१ त गोंडांचें राज्य भोंसल्यांकडे व १८५४ त मुलूख इंग्रजांकडे गेला. नव्या जमाबंदींत तलाव मालगुजारांचे ठरले. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पडले, १९०१-०३ चें पाटबंधारे कमिशन बसलें, आणि सरकार स्वतः तलाव बांधूं लागलें. पाथरी नदीवरील असोलामेंढा १९१८ त व नागभीडजवळील घोडाझरी १९२३ त पुरा झाला. असोलामेंढ्याची मातीची पाळ सुमारें १८ मीटर उंच आहे. एकट्या मालगुजाराच्या ऐपतीचें हें काम नव्हे. परंतु येथें जागा इंजिनियरानें निवडिली, पैसा खजिन्यानें दिला, आणि शेतकरी पाणीपट्टी भरणारा गिऱ्हाईक झाला. १९५१ त मालगुजारी बुडाल्यावर जुने तलावही सरकारजमा झाले. मालगुजारीचा शेवट न्याय्य होता यांत शंका नाहीं. तथापि पाळीची काळजी हें घरचें काम न राहतां दफ्तरी काम झालें, व कित्येक बोड्या गाळानें भरल्या.

१९८८ च्या एप्रिलांत पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. त्याचा उजवा कालवा सुमारें ९९ कि.मी. येऊन असोलामेंढ्यांत पडतो. म्हणजे जो तलाव आपल्या रानाच्या पाण्यावर भरे, तो आतां दुसऱ्या नदीच्या पाण्याची वाट पाहतो.

तुकुमाच्या सनदा ज्या घराण्यांत असतील त्यांनीं त्या पाहूं द्याव्या, अशी विनंति आहे. पाळ राखण्याची अट त्यांत कोणत्या शब्दांत घातली होती, हें मूळ कागदांवरूनच ठरेल.