कागदावर नसलेले गाणे

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात गाणे आटोपायचे आणि शेवटी इंग्रजीतून आपले नाव उच्चारायचे, असा प्रघात पडला. तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतील हानोवरच्या कारखान्यात; तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचा आवाज आहे हे कळावे, एवढाच या उद्घोषणेचा हेतू होता. शंभर वर्षांनंतर त्या तबकड्या ऐकताना आम्हांला मात्र ते शेवटचे ठसक्यातले वाक्य गाण्याइतकेच मोलाचे वाटते. कायद्याने गायिकेला त्या तबकडीवर काहीच दिलेले नव्हते. तिने आपले नाव आवाजातच कोरून ठेवले.

पुढे हिंदुस्थानात १९१४ सालचा कॉपीराइट कायदा आला. तो मुख्यतः १९११ च्या ब्रिटिश कायद्याचाच अवतार. त्याने ध्वनिमुद्रिकेला संरक्षण दिले. पण तिचा ‘कर्ता’ कोण, या प्रश्नाचे त्याचे उत्तर वाचून साहित्याच्या विद्यार्थ्याने थबकावे असे आहे. कर्ता म्हणजे मुद्रण झाले त्या वेळी मूळ तबकडी ज्याच्या मालकीची होती तो. गाणाऱ्याचा उल्लेखही नाही. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली आपण आपला स्वतःचा कायदा केला, त्यातही ही व्याख्या तशीच राहिली. ‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना आपण वर्गात फ्रेंच समीक्षेच्या नावाने शिकवतो. तबकडीच्या बाबतीत मात्र गायक कर्ता म्हणून जन्मालाच आलेला नव्हता.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे नव्या शतकाच्या तोंडावर झालेले एक भांडण. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकेतील विद्यार्थ्याने नॅप्स्टर नावाची आज्ञावली आंतरजालावर आणली. एकाच्या संगणकातील गाणे दुसऱ्याने थेट उचलावे, एवढी ती साधी युक्ती. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाने नॅप्स्टरवर खटला भरला आणि पुढच्याच महिन्यात आपली गाणी उचलणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांची यादी कंपनीच्या दारात नेऊन टाकली. सगळे कलावंत मात्र त्यांच्या बाजूचे नव्हते. रॅप गायक चक डी उघडपणे नॅप्स्टरच्या बाजूने उभा राहिला. कोर्टनी लव्ह या गायिकेने त्याच वर्षी भाषणात असा हिशेब मांडला की कलावंताची खरी लूट ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या करारांतच होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल नॅप्स्टरच्या विरोधात गेला आणि जुलैत ती सेवा बंद पडली. तोवर फायली वाटण्याची सवय जगभर रुजली होती. नॅप्स्टर गेले, पण त्याच्या जागी दुसरी चार यंत्रे आली.

या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती. गाणे ही कोणाची तरी मालमत्ता आहे. प्रश्न एवढाच की ती कंपनीची की कलावंताची, आणि ती घेणारा चोर की चाहता. आमच्यासारखे ख्याल ऐकणारे लोक त्याच काळात त्याच मार्गांनी अब्दुल करीम खाँ, केसरबाई, मोगूबाई यांच्या फायली एकमेकांना पाठवत होते आणि हा वाद आपलाच आहे असे धरून चालले होते. कायदा उघडून पाहिल्यावर लक्षात येते की तो आपला नव्हता, निदान त्या स्वरूपात तरी नव्हता.

१९५७ च्या कायद्यातील ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या पाहावी. स्वरमाला किंवा स्वरसंवाद, अथवा दोहोंची रचना, जी छापलेली, लिहून काढलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेली असेल, तीच संगीतकृती. लिहिलेले नसेल तर ते संगीत नव्हे, असेच व्यवहारात ठरले. ही व्याख्या जिथून आली तिथे संगीत कागदावर जन्म घेते आणि वादक ते कागदावरून वाचतो. आपल्याकडे बिलासखानी तोडीचा दीड तासाचा विस्तार कोणत्या कागदावर असतो? बंदिशीचे शब्द फार तर दोन ओळींचे. त्या दोन ओळींच्या आधाराने गायक जे काही उभारतो ते त्या रात्रीपुरते असते, आणि कायद्याच्या लेखी ते नसतेच.

या व्याख्येच्या उजेडात आपला संगीतेतिहास पुन्हा वाचला तर गमतीच्या गोष्टी दिसतात. विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांतील शेकडो चिजा खटपटीने मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. त्यांच्या श्रमाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. या पुस्तकांवाचून आमचे शिक्षणच झाले नसते. पण कायद्याच्या दृष्टीने, ज्या उस्तादांच्या कंठात या चिजा पिढ्यान्‌पिढ्या होत्या त्यांच्याजवळ काहीच नव्हते आणि ज्या क्षणी त्या कागदावर उतरल्या त्या क्षणी एक संरक्षित ग्रंथ जन्मला. कुमार गंधर्वांनी १९६५ साली ‘अनूपरागविलास’मध्ये स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. त्यामागे कायद्याचा विचार असेल असे नव्हे. पण त्या छपाईने त्यांच्या बंदिशी कायद्याच्या व्याख्येत बसल्या. त्याच बंदिशी ते मैफलीत गात, तेव्हाचे गाणे मात्र बाहेरच राहिले.

न्यायालयाला हे खटकले नव्हते असे नाही. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्या निर्णयाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक छोटी पुरवणी जोडली. निर्णयाशी सहमत होऊनही त्यांनी खंत मांडली की कायदा ज्याला संगीत म्हणतो त्यात गळ्याची किमया, गायनातील आर्तता हे काहीच येत नाही. येते ते केवळ लिहिलेले. भारतीय संगीताचा प्राण गायकाच्या गळ्यात असताना आपल्या कायद्याला गायकच दिसू नये, याकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. न्यायालयीन गद्याचे वाचक थोडे, पण आमच्या मते हे टिपण संगीतसमीक्षेच्या पाठ्यक्रमात असायला हरकत नाही. थोड्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या खटल्यात नटाचा अभिनय ही कायद्याच्या अर्थाने कृती नव्हे असे ठरवले. गायक आणि नट एकाच अंधारात होते.

चित्रपटातील पार्श्वगायकांची कथा वेगळी आणि अधिक परिचित आहे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मानधन घेतल्यावर आपला हक्क संपतो, असे महंमद रफींचे म्हणणे होते. आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा देणारी आणि चित्रपटात गायल्यावरही गायकाचा हक्क शाबूत ठेवणारी दुरुस्ती २०१२ साली झाली. ख्यालगायक या सगळ्या झगड्यात कुठेच दिसत नाही. त्याला निर्माता नव्हता आणि संघटनाही नव्हती.

पण त्याच्याकडे स्वतःचा असा एक कायदा होता. गंडा बांधल्याशिवाय तालीम नाही. अस्थाई सांगावी, अंतरा राखून ठेवावा. खास चिजा घरातल्या मुलालाच द्याव्यात, अशा कितीतरी कथा आपण ऐकत आलो आहोत. त्यांतल्या काही रंगवलेल्या असतील, पण त्यांमागची व्यवस्था खरी होती. कोण ऐकणार, कोण शिकणार, कोणासमोर कोणता राग काढायचा, हे गाणारा ठरवी. भास्करबुवा बखले यांना फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकायला मिळाले याचे त्या पिढीला अपूर्व वाटले, ते याच व्यवस्थेमुळे. या व्यवस्थेत क्रौर्य होते, जातिभेद आणि लिंगभेद होता, विद्येचा नाश होता. तिच्याविषयी हळवे होण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. तरीही एक गोष्ट तिच्यात होती, जी छापील कायद्यात नव्हती: गाणाऱ्याची संमती. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत जगले, मुंबई-कोल्हापुरात ध्वनिमुद्रणाची सोय असताना जगले. तरी त्यांच्या आवाजाची तबकडी आपल्याजवळ नाही. त्यांची शिष्या केसरबाई केरकर यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. त्यांतली एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच, त्याच सप्टेंबरात, केसरबाई निवर्तल्या. सूर्यमालेबाहेर गेलेला हा आवाज साडेतीन मिनिटांचा आहे, आणि तेवढाच द्यायचे त्यांनी स्वतः ठरवले होते.

ही व्यवस्था कायद्याने मोडली नाही. ती फितीच्या यंत्राने मोडली. साठ-सत्तरच्या दशकांत रसिक यजमानांच्या घरी स्पूलची यंत्रे आली आणि बैठकीत गायकासमोर ध्वनिक्षेपक ठेवला जाऊ लागला. कधी विचारून, कधी न विचारता, कधी विचारले तर राग येईल म्हणून उशीखाली लपवून. काटेकोर वाचले तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा फितीचा ‘कर्ता’ तो यजमानच ठरत असे. या फिती आधी तिजोरीतल्या दागिन्यांसारख्या होत्या. ज्याच्याकडे त्या, त्याच्याकडे आर्जवे करीत जायचे, चहा प्यायचा, अर्धा तास ऐकून परतायचे. संग्राहकांमध्ये जुन्या उस्तादांचीच वृत्ती शिरली होती. मग कॅसेट आली, सीडी आली आणि दोन हजारच्या सुमारास हे सारे एमपीथ्रीच्या रूपाने बांध फुटावा तसे वाहू लागले. जे ऐकण्यासाठी आमच्या आधीच्या पिढीने पुणे-मुंबई वाऱ्या केल्या, ते आम्हांला एका रात्रीत मिळाले. आमची गाण्याची समज यातूनच घडली, हे कबूल केले पाहिजे.

अमेरिकेतच या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर आधी सापडले होते. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करायला श्रोत्यांना मुभा दिली. १९८४ पासून तर प्रेक्षागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठेवली. फिती एकमेकांना द्याव्यात, विकू नयेत, ही अट. त्यांची वाटणी आणि आमची वाटणी वरून अगदी सारखी दिसते. फरक एवढाच की त्यांना कलावंताने हो म्हटले होते.

१९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात दोन गोष्टी बदलल्या. संगीतकृतीच्या व्याख्येतून लिहिलेपणाची अट गेली, आणि ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ हे नवे कलम आले. मे १९९५ पासून, गायकाच्या संमतीवाचून त्याच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण करणे हा हक्कभंग ठरला. या हक्काची मुदत आधी पंचवीस वर्षे होती, १९९९ मध्ये ती पन्नास झाली. म्हणजे नॅप्स्टर जन्मले तेव्हा आपला ख्यालगायक कायद्यात येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. आम्हांला याची गंधवार्ताही नव्हती. आमची टोचणी भलत्याच जागी होती. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या उतरवताना आम्ही अपराधी चेहरा करीत असू. पण ते १९३७ साली निवर्तले आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरचा कंपनीचा हक्क तोवर दहा वर्षांपूर्वीच संपला होता. उलट, कुठल्याशा दिवाणखान्यातील नुकतीच ध्वनिमुद्रित झालेली बैठक आम्ही निर्धास्तपणे घेत होतो, कारण तिच्यावर कंपनीचे लेबल नव्हते.

त्याच कायद्यात शिक्षकांसाठी एक सवलत आहे. मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हक्कभंग ठरत नाही. ‘स्वतःच्या’ हा शब्द महत्त्वाचा. यजमानाला जे चालते ते त्याच्या मित्राला, मित्राच्या मित्राला आणि शेवटी आम्हांला चालतेच असे नाही. वर्गात वाजवण्यासाठी घेतले असे आम्ही म्हणू शकतो. ते अर्धे खरे असते.

आमच्या संग्रहात अशी एक फाइल आहे. गायिका हयात नाहीत, त्यांचे नाव इथे देणे बरे नव्हे. आलापी चालू असताना त्या मध्येच थांबतात आणि विचारतात, ते यंत्र बंद केलेत ना? कोणीतरी हो म्हणते. त्यानंतर चाळीस मिनिटे गाणे आहे, आणि आवाज बसलेला असूनही त्या चाळीस मिनिटांत ललत ज्या रीतीने उलगडतो तसा आम्ही इतरत्र ऐकलेला नाही. दोन वर्षे ही फाइल आम्ही विद्यार्थ्यांना ऐकवली, तो प्रश्न जिथे येतो तेवढा तुकडा कापून. एका विद्यार्थिनीने विचारले की इथे आलाप एकदम तुटल्यासारखा का वाटतो, तेव्हा आम्ही फितीतला दोष असे उत्तर दिले.

ती फाइल आमच्याकडे आली तेव्हा तिच्यावर रागाचे नाव चुकीचे होते आणि गायिकेचे नावच नव्हते. दोन्ही आम्ही नीट लिहून ठेवले आहे. कापलेला तुकडाही पुन्हा जोडला आहे. वर्गात ती आता वाजवत नाही, कोणाला पाठवतही नाही. पुसूनही टाकलेली नाही.